चक ७० हाय टॉप आणि लेस ओवायचे प्रकार: दारात बूट काढणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

हाय टॉप, म्हणजे घोटा झाकणारे बूट, घेताना सगळे आधी कलर बघतात मग साइज, लेसचा विचार कोणीच करत नाही, आणि माझं ठाम मत आहे की हाय टॉप रोज वापरले जाणार की कपाटात पडून राहणार हे लेस कशी ओवलीय त्यावरच ठरतं. म्हणून हा रिव्ह्यू बुटाचा कमी आणि लेसचा जास्त. बूट म्हणजे कॉन्व्हर्सचा चक ७० हाय टॉप, काळा, कॅनव्हासचा.

थोडं मागचं सांगतो कारण त्याचा लेसशी संबंध आहे. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार, ज्याच्यावरून हा चक ७० आला, तो निघाला १९१७ साली, अमेरिकेत, बास्केटबॉलसाठी. चक टेलर या बास्केटबॉल खेळाडूचं नाव त्यावर आलं ते १९३० च्या दशकात. म्हणजे हा बूट ज्यांच्यासाठी केला ते लोक तो एकदाच चढवणार, घट्ट आवळणार, खेळणार आणि खेळ संपला की काढणार. आपलं तसं आहे का? घरात शिरताना काढा, शेजारच्या काकूंकडे डबा द्यायला गेलं की काढा, देवळात काढा, मित्राच्या फ्लॅटवर पाच मिनिटं जायचं असलं तरी दाराबाहेर काढा. त्यामुळे घोटा धरून ठेवणारी पण दारात उभ्या उभ्या सुटणारी, अशी लेस आपल्याला पाहिजे, आणि इंटरनेटवरचे जे सुंदर सुंदर प्रकार आहेत त्यातले बरेचसे या परीक्षेत नापास होतात.

मोठ्यांच्या साइजमध्ये साधारण भोकांच्या आठ जोड्या असतात, लहान मापात सातही येतात. हे मोजून घ्या, पुढे कामाला येतं. आतल्या बाजूला तळाशी दोन वेगळी भोकं दिसतात ती हवेसाठीची, काहीजण त्यातूनही लेस घेतात, दिसायला वेगळं दिसतं पण त्याने पाय जास्त घट्ट बसतो असं मला तरी जाणवलं नाही.

साधा क्रॉस, म्हणजे खालून वर फुली फुली करत जायचं. सगळ्यांना येतो म्हणून लोक त्याला कमी समजतात पण तो खरंच मजबूत आहे, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे गणितज्ञ बर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२ मध्ये नेचर मासिकात यावर गणित मांडलं होतं, भोकांच्या नुसत्या सहा जोड्या धरल्या तरी लेस ओवायचे जवळजवळ दोन लाख कोटी प्रकार निघतात, आणि त्यात सगळ्यात जास्त ताण धरणारे दोन निघाले, एक हा आपला क्रॉस आणि दुसरा सरळ आडव्या पट्ट्यांचा. शतकानुशतकं लोकांनी नुसत्या अनुभवाने जे पकडलं होतं तेच गणितात निघालं, मला ही गोष्ट प्रचंड आवडते.

आता त्या आडव्या पट्ट्या. वहीतल्या रेघांसारख्या एकाखाली एक, तिरकी लेस कुठेच दिसत नाही, काळ्या कॅनव्हासवर पांढरी सपाट लेस असेल तर याच्या तोडीचं काही नाही. ज्यांच्या पायाची वरची बाजू उंच आहे आणि फुलीचा दाब तिथे बोचतो त्यांनी हा जरूर करून बघावा. जोड्या सम असतील तर नीट जमतो, सात असतील तर एके ठिकाणी फुली घ्यावी लागते किंवा एक जोडी सोडावी लागते. पण आवळताना एकेक पट्टी हाताने ओढावी लागते आणि सोडतानाही तेच. लग्नाला, फोटोला, प्रवासात जिथे दिवसभर बूट पायातच राहणार तिथे भारी. रोजच्याला नाही.

शिडीचा प्रकार म्हणजे लेस दोन्ही कडांनी बाहेरून उभी चढते आणि प्रत्येक पायरीला समोरच्या उभ्या लेसखालून आडवी जाते. पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांच्या बुटांवर हे असतं. बसतो जबरदस्त, हलत नाही, आणि म्हणूनच दारात सुटत नाही. शिवाय लेस खूप खातो, बुटासोबत आलेली लेस वरपर्यंत पोचली तरी गाठ मारायला टोक उरेलच असं नाही.

ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं पण मला फार पटला तो आर्मी प्रकार. यात फुल्या आत लपतात आणि उभे तुकडे बाहेर येतात, एक आड एक. त्यामुळे दोन्ही कडा घोट्यापाशी मोकळ्या वाकतात, उकिडवं बसताना किंवा बाइकचा गिअर टाकताना हे लगेच कळतं. याचाच उलटा म्हणजे फुल्या बाहेर आणि उभे तुकडे आत, त्याला बो टाय म्हणतात, पोल्स्टरच्या गणितात सगळ्यात कमी लेस लागणारा हाच निघाला. लेसचं टोक तुटून ती आखूड झाली असेल तर नवीन आणायच्या आधी हा करून बघा.

घोट्याभोवती लेस गुंडाळून मग पुढे गाठ मारायची फॅशन आहे, ती मी कोणालाच सुचवणार नाही. आतल्या बाजूचा गोल स्टारचा पॅच झाकला जातो, आणि मागच्या शिरेवर सतत दाब येतो तो वेगळाच.

तर रोजसाठी मी कुठे येऊन थांबलो ते सांगतो. खालच्या पाच जोड्या साधा क्रॉस, पायाला आरामात बसेल इतक्याच आवळलेल्या. मग जिथे पाय वाकतो तिथे लेसची दोन टोकं एकमेकांत एकदा नाही तर दोनदा पिळून घ्यायची, ट्रेकिंगच्या बुटांना करतात तसं, त्याने खालचा ताण खालीच अडकतो. पिळाच्या वरच्या दोन जोड्या सैल क्रॉस आणि सगळ्यात वरची जोडी चक्क रिकामी. दारात आलं की सुरगाठ ओढायची, पिळाखाली बोट घालून थोडं ढिलं करायचं, टाच बाहेर. घालताना जीभ वर ओढायची, पाय सरकवायचा, पिळ घट्ट, गाठ, झालं. चालताना टाच आत उचलली जात नाही आणि खालच्या पाच जोड्यांना हात लावावा लागत नाही.

गाठीचंही बघा. गाठ मारून झाल्यावर दोन्ही फासे बुटावर आडवे, डावीकडे उजवीकडे पडले तर बरोबर, पण ते टाच ते बोटं अशा दिशेने उभे वळत असतील तर गाठ उलटी पडतेय आणि ती सुटणारच, तेव्हा पहिला पिळ उलट्या बाजूने घ्या, बाकी सगळं तसंच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजलं होतं, पाऊल जमिनीवर आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोराचा धक्का बसतो, त्याने गाठ ढिली होते आणि पाय पुढे मागे झुलताना मोकळी टोकं तिला ओढून सोडवतात. हाय टॉपची लेस लांब, टोकं लांब राहिली की ओढही जास्त, म्हणून फासे आणि टोकं आखूड ठेवा.

नवीन लेस घ्यायची झाली तर आठ जोड्यांना साधारण १३७ सेंटीमीटरची बघा, शिडीचा प्रकार करायचा असेल तर त्याहून लांब. सपाटच घ्या, गोल लेस गुळगुळीत असली की तो पिळ सरकतो. आणि पावसाळ्यात कॅनव्हास ओला झाला की लेस पूर्ण काढून वेगळी वाळवा, जीभ बाहेर ओढून ठेवा, नाहीतर जिथे लेसखाली कापड दबलेलं असतं तिथे ओल राहते आणि वास तिथूनच सुरू होतो.