बेनी गुडमनची '१९५० ची ओरिजिनल' एलपी आणि माझे १४० डॉलर

मंडळी, जुन्या बिग बँड जॅझच्या सेकंडहँड एलपी ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मला १४० डॉलरला गंडवलंय, आणि ज्या पद्धतीने गंडवलं ती कुणावरही चालेल अशी आहे म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

रेकॉर्ड कुठली, तर क्लॅरिनेटवादक आणि बँडलीडर बेनी गुडमनची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची कॉन्सर्ट, १६ जानेवारी १९३८ ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कार्नेगी हॉल म्हणजे तेव्हा क्लासिकलवाल्यांचं सोवळं, तिथे एका नाचाच्या बँडने अख्खी संध्याकाळ वाजवायची हेच मोठं होतं. ड्रमवर जीन क्रुपा, ट्रंपेटवर हॅरी जेम्स, शिवाय दुसऱ्या बँडचा म्होरक्या काउंट बेसी स्वतः आणि ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले जॉनी हॉजेस वगैरे काळे पाहुणे, म्हणजे गोरे आणि काळे एकाच स्टेजवर, तेही १९३८ साली! रेकॉर्डिंग त्याच रात्री झालं पण लोकांच्या हातात पडलं ते थेट १९५० मध्ये, कोलंबिया कंपनीने दोन एलपींचा सेट काढला तेव्हा, नंबर एसएल-१६०. आमच्यासारखी सी. रामचंद्र ऐकत वाढलेली माणसं चिक चॉकलेट आणि बाकीच्या गोव्याच्या वादकांचा माग काढत काढत कधी ना कधी या रेकॉर्डपाशी येतातच. आता न्यू जर्सीत राहतोय, न्यूयॉर्क एवढं जवळ, तर हा सेट पहिल्या छपाईचाच घ्यायचा असं डोक्यात होतं.

जाहिरात होती ओहायोतल्या एका माणसाची. फर्स्ट प्रेसिंग (पहिली छपाई), नियर मिंट (जवळजवळ नवी), प्ले टेस्टेड (वाजवून बघितलेली). फोटो एकदम क्लिअर, कव्हरचे, लेबलचे, सगळे, आणि लेबल बरोबर कोलंबियाचं जुनं 'मास्टरवर्क्स' होतं. बोलायला माणूस इतका गोड, की म्हणाला माझ्या काकांचं कलेक्शन आहे, मला यातलं फारसं कळत नाही. (हे वाक्य जिथे दिसेल तिथे सावध व्हा बरं का. ज्याला कळत नाही तो 'फर्स्ट प्रेसिंग, डीप ग्रूव्ह' (म्हणजे लेबलवर उमटलेली खोल गोल खाच) असं लिहीत नाही.) १५० सांगत होता, मग म्हणाला पेमेंट ॲपच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' पर्यायातून पैसे पाठवलेत तर १० कमी करतो, माझी फी वाचते. इथे खरी मेख आहे. त्या पर्यायाने पाठवलेले पैसे म्हणजे तुम्ही ओळखीच्या माणसाला प्रेमाने दिलेले पैसे, खरेदी नाहीच ती, त्यामुळे बायर प्रोटेक्शन वगैरे काही लागू होत नाही.

पार्सल आलं. पॅकिंग उत्तम, म्हणजे तबकड्या कव्हरच्या बाहेर वेगळ्या ठेवून वगैरे, जाणकारासारखं. आता काकांच्या कलेक्शनवाल्याला हे कसं माहीत हा प्रश्न तेव्हाच पडला. फोटोतल्या कव्हरवर वर उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं, माझ्याकडे आलेल्या कव्हरवर नाव नाही, उलट खालून शिवण उसवलेली. आतली एक तबकडी सहा डोळ्यांच्या लेबलची निघाली, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला तीन-तीन डोळ्यांसारखी चित्रं असतात ते लेबल, आणि दुसरी दोन डोळ्यांची. कोलंबियाचं सहा डोळ्यांचं लेबल आलं १९५५ च्या सुमारास आणि दोन डोळ्यांचं १९६२ नंतर. म्हणजे १९५० चा माल सोडाच, दोन वेगवेगळ्या सेटमधून एकेक उचलून जोडी लावून दिली होती. अशा नंतरच्या छपाया इथे दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळतात, गुडमन काही दुर्मिळ नाही, लाखांनी विकला गेलेला माणूस आहे.

पण लेबलपेक्षा वाईट पुढेच होतं. तबकड्या दिवाळीला घासलेल्या समईसारख्या चकाकत होत्या. सत्तर वर्षांची रेकॉर्ड एवढी चमकते म्हटल्यावर आनंद होतो, व्हायला नको. काय करतात ही मंडळी, फर्निचर पॉलिश किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारून फडक्याने पुसतात, बारीक ओरखडे त्यात भरून जातात आणि फोटोत काळी कुळकुळीत दिसते. पहिली बाजू निम्मीही झाली नाही तोच आवाज दबायला लागला, सुई उचलून बघितली तर टोकाला चिकट राखाडी गोळा. सुई साफ केली, दोन्ही तबकड्या डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्या आणि मग खरं रूप बाहेर आलं. (एलपीलाच हां. जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, शेलॅकच्या (लाखेच्या) तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं आणि रेकॉर्ड कायमची जाते.)

सहा डोळेवाली पार घासलेली होती. त्या काळातले घरगुती प्लेअर म्हणजे जड टोनआर्म आणि बोथट झालेली सुई, तिने खाच आतून कुरतडली जाते, वरून ओरखडा दिसतोच असं नाही. ओळखायचं कसं, तर दिव्याखाली तिरकी धरायची, जिथे संगीत जोरात आहे तिथला पट्टा काळ्याऐवजी राखाडी दिसतो. आणि वाजवल्यावर खरखर नाही, आवाज फाटतो, सगळे ट्रंपेट एकदम उठले की पत्रा फाटल्यासारखं ऐकू येतं. हे कितीही धुतलं तरी जात नाही. उलट साधी धुळीची टकटक हळू जागी जास्त कळते. कॉन्सर्टच्या शेवटाकडे 'सिंग सिंग सिंग' मध्ये जेस स्टेसीचा पियानो येतो, एवढा सगळा दणदणाट शांत होतो आणि तो एकटाच आपल्या नादात वाजवत राहतो, अख्ख्या सेटमधला माझा सगळ्यात आवडता भाग. तिथे नुसती टकटक टकटक, पियानो मागे कुठेतरी. विकणाऱ्याकडे व्हिडिओ मागायचा तर अशा हळू जागेचा आणि एका जोरदार जागेचा, दोन्हीचा मागा. प्ले टेस्टेड म्हणणारे सुरुवातीचे १० सेकंद वाजवतात.

त्याला मेसेज केला तर आधी म्हणे विंटेज रेकॉर्डला तसा आवाज असतोच, तेच तिचं कॅरेक्टर. लेबलचं विचारल्यावर म्हणे काकांनी काय केलं मला माहीत नाही. कव्हरवरच्या नावाचं विचारलं तर ब्लॉक. ॲपवाल्यांनी सांगितलं की व्यवहार पर्सनल आहे, आम्ही काही करू शकत नाही. त्याचे फोटो इमेज सर्चला टाकले तर एका जुन्या, कधीच विकून गेलेल्या लिलावातले निघाले, त्याच निळ्या पेनाच्या नावासकट. त्यामुळे आता मी कुणाकडूनही घेताना एक मागतो, लेबलशेजारी कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून फोटो काढून पाठव, आणि लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर दिसेल असा दुसरा. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो.

बाकी या काळाच्या रेकॉर्डमध्ये थापा पकडायला सोप्या असतात, तारखाच बोलतात. एलपी आली जून १९४८ मध्ये, त्यामुळे '१९३९ ची ओरिजिनल एलपी' अशी वस्तूच जगात नाही, तेव्हाचा ओरिजिनल माल म्हणजे ७८ च्या तबकड्या, एका बाजूला तीनेक मिनिटं. स्टिरिओ एलपी १९५७-५८ ची, आणि बँडलीडर ग्लेन मिलर डिसेंबर १९४४ मध्ये इंग्लिश खाडीवर विमानासकट बेपत्ता झाला, मग 'ग्लेन मिलर ओरिजिनल स्टिरिओ' कुठून येणार? एकतर ते मोनोवर (एकाच चॅनलच्या रेकॉर्डिंगवर) यंत्राने केलेलं खोटं स्टिरिओ असतं, आरसीए कंपनी अशा रेकॉर्डच्या नंबरपुढे कंसात बारीक 'ई' छापायची, नाहीतर त्याच्या नावाने नंतर चालवलेला बँड. टाइम-लाइफ कंपनीचे स्विंग एराचे (बिग बँडच्या जमान्याचे) जाडजूड सेटही 'ओरिजिनल' म्हणून खपवतात, ते १९७० च्या आसपास बिली मे या बँडलीडरने स्टुडिओत नव्याने वाजवून घेतलेलं आहे. सुंदर आहे, माझ्याकडे आहे एक, पण त्याचे पैसे तेवढेच द्या.

आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी एक बघा. इथल्या, अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून घेऊन इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवता आणि 'येताना बॅगेत टाक' म्हणता ना, तर त्या नातेवाइकाला पार्सल आल्याच दिवशी उघडून दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो पाठवायला सांगा. बॅग भारतात पोचेपर्यंत परतीची मुदत संपलेली असते, मग भांडायलाही जागा उरत नाही.

दोन डोळेवाली तबकडी धुतल्यावर बरी वाजते, ती ठेवलीये. त्या माणसाची जाहिरात मागच्या आठवड्यात परत दिसली, नाव वेगळं, गाव वेगळं, काकांच्या जागी आता आजोबा आलेत. फोटो तेच, उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलेलं नाव, आणि किंमत १७०. मी रिपोर्ट केलीये, तुम्हाला दिसली तर तुम्हीपण करा.