उधारी नात्यातल्या कंपनीकडून की परक्या?

कच्चा माल उधारीवर हवाय. एक पुरवठादार भावकीतला, दुसरा अनोळखी. नुसता व्याजदर ताडून निवड होत नाही, कारण नात्यातल्या उधारीवर दर लिहिलेलाच नसतो.

परक्याचा हिशेब उघडा असतो. बिलावर अट असते, उदाहरणार्थ: 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. सूट सोडलीत तर 98 रुपये 20 दिवस वापरायचे 2 रुपये पडले, म्हणजे वर्षाला जवळपास 37 टक्के. महागच! पण आकडा समोर असतो, घासाघीस करता येते आणि बिल चुकतं केलं की दुसरीकडे जायला मोकळे. त्रास सुरुवातीला: नव्या कंपनीकडे आधी ताळेबंद मागतात, बऱ्याचदा रोखच.

भावकीत एका फोनवर माल सुटतो. तुमची ऐपत आणि जुनी देणी त्याला ठाऊक असतात. बुडवलंत तर कोर्टाआधी चारचौघांत नाव जातं. 11व्या शतकातल्या मघरिबी (उत्तर आफ्रिकेकडच्या) ज्यू व्यापाऱ्यांत एकाला फसवणाऱ्या अडत्याला गटातलं कुणीच काम देत नसे, अशी मांडणी अर्थतज्ज्ञ आव्हनर ग्राइफ यांनी केली. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक एडवर्ड्स आणि ओगिल्व्ही यांना ती पटत नाही. हे व्यापारी कोर्टातही जात, असं ते दाखवतात. मला तरी गटाचा बहिष्कार आणि कोर्ट दोन्ही सोबत चालत असावीत असंच वाटतं.

भावकीतल्या उधारीची किंमत नंतर वसूल होते. अर्थतज्ज्ञ मॅकमिलन आणि वुड्रफ यांच्या व्हिएतनामवरच्या 1999च्या अभ्यासात, ज्याला दुसरा पुरवठादार सहज मिळत नाही अशा ग्राहकाला उधारी जास्त मिळालेली दिसली. भावकीत दुसरा पुरवठादार असतो, पण त्याच्याकडे जायची चोरी. माल दोन टक्क्यांनी महाग पडला तरी बोलता येत नाही, आणि उद्या त्यालाच पैसे लागले तर नाही म्हणता येत नाही. सगळे एकाच धंद्यात असले तर मंदीत सगळ्यांचेच हात एकदम आखडतात. चीनमधल्या वेन्झोऊत 2011 साली खासगी कर्जं आणि एकमेकांच्या जामिनक्या यांची साखळी अशीच तुटली; काही मालक गाव सोडून पळाले.

माझं मत: महिना-दीड महिन्यात फिरणाऱ्या मालासाठी भावकी चांगली, पण मुदत आणि भाव कागदावर हवेत, आणि अधूनमधून बाहेरचं कोटेशन मागवावंच. यंत्रासारख्या लांब मुदतीच्या खर्चाला बँक बरी. उधारीच्या बदल्यात पुरवठादाराच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं, तर तो माल परक्याकडून रोखीने घ्या.