अँड्रॉइड स्टुडिओतील रिसोर्स मॅनेजर : तीन भाषांच्या अ‍ॅपसाठी वापरताना

बडोद्यात दांडिया बाजारातील एका वाचनालयासाठी आम्ही तिघे मिळून जे अ‍ॅप करत आहोत, ते मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालले पाहिजे, ही अट पहिल्याच बैठकीत ठरली होती. अशा प्रकल्पात कोडच्या आधी रिसोर्स, म्हणजे चित्रे, पडद्यांची मांडणी आणि मजकूर, ठेवण्याचा ‘रेस’ फोल्डरच हाताबाहेर जातो. त्यातील ‘ड्रॉएबल’ (चित्रांचा) किंवा ‘लेआउट’ (पडद्यांच्या मांडणीचा) या फोल्डरांच्या आत आपल्या सोयीचे उपफोल्डर करण्याची मुभा अँड्रॉइड देत नाही, त्यामुळे सगळी चिन्हे आणि सगळे पडदे एकाच लांबलचक रांगेत येऊन बसतात. ही रांग डोळ्यांना दिसेल अशी मांडणारे रिसोर्स मॅनेजर हे साधन अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 3.4 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून आहे.

त्याची सर्वांत मोठी सोय आयातीची आहे. आमच्या डिझायनरकडून प्रत्येक चिन्ह 24, 48 आणि 72 पिक्सेल अशा तीन मापांत, आयओएसच्या (आयफोनच्या प्रणालीच्या) पद्धतीने नावापुढे ‘@2एक्स’, ‘@3एक्स’ लावून येते. सगळ्या फायली एकदम ओढून टाकल्या की हे साधन ती खूण ओळखून त्यांना एमडीपीआय, एक्सएचडीपीआय आणि एक्सएक्सएचडीपीआय अशा पडद्याच्या पिक्सेल-घनतेनुसार (मूळ, दुप्पट, तिप्पट) लावते. पूर्वी हे काम आम्ही हाताने करत असू. एकदा घाईत 72 पिक्सेलचे भिंग एमडीपीआयच्या फोल्डरात गेले आणि शोधाच्या पट्टीत ते तिप्पट मोठे दिसू लागले. चूक आमचीच होती, पण ती सापडेपर्यंत दुपार गेली. एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून बनलेली) फाइल दिल्यास तिचे व्हेक्टरमध्ये, म्हणजे कोणत्याही मापात स्पष्ट राहणाऱ्या चित्रात, रूपांतर होते आणि साध्या चिन्हांसाठी ती एकच फाइल पुरते, म्हणून आता आम्ही शक्य तेथे एसव्हीजीच मागतो.

मात्र शिस्त हे साधन लावत नाही, ती नावांतूनच आणावी लागते. चिन्हाला ‘आयसी’, पार्श्वभूमीला ‘बीजी’ आणि त्यापुढे पडद्याचे नाव, असा नियम पाळला तरच शोधाच्या चौकटीतून हवे ते चटकन सापडते. पुढे सभासद, शोध आणि देवघेव यांचे आम्ही वेगळे मॉड्यूल, म्हणजे प्रकल्पाचे स्वतंत्र भाग, केले. प्रत्येकाचा ‘रेस’ स्वतंत्र झाला आणि वरच्या यादीतून मॉड्यूल निवडले की तेवढाच पसारा समोर येतो. येथे एक धोका आहे. लायब्ररी मॉड्यूल (मुख्य अ‍ॅपला जोडला जाणारा असा भाग; वाचनालयाशी या नावाचा संबंध नाही) आणि मुख्य अ‍ॅप यांत एकाच नावाचे रिसोर्स असले, तर बिल्डमध्ये, म्हणजे अंतिम अ‍ॅप तयार होताना, मुख्य अ‍ॅपमधले निमूटपणे वरचढ ठरते. ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनात प्रत्येक मॉड्यूलला ‘रिसोर्स प्रीफिक्स’ (नावाच्या सुरुवातीचा ठरलेला शब्द) ठरवून दिला, की नियम मोडणाऱ्या नावांवर लिंट हे चुका तपासणारे साधन बोट ठेवते.

मजकुराच्या बाबतीत मात्र मी रिसोर्स मॅनेजरवर विसंबत नाही. त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओतलाच ट्रान्सलेशन्स एडिटर कितीतरी सरस आहे, कारण त्यात प्रत्येक वाक्यापुढे तिन्ही भाषांचे रकाने दिसतात आणि भाषांतर राहिलेले वाक्य लाल होते. ‘परत करण्याची तारीख’ गुजरातीत राहून गेली होती, ती अशीच सापडली. गुजरातीत राहिले तर निदान मूळ ‘व्हॅल्यूज’ फोल्डरातला इंग्रजी मजकूर दिसतो; पण एखादे वाक्य फक्त मराठी आणि गुजराती फोल्डरांत असेल आणि मूळ ‘व्हॅल्यूज’मध्ये नसेल, तर हिंदीवर लावलेल्या फोनमध्ये तो पडदा उघडताच अ‍ॅप बंद पडते. म्हणून नवे वाक्य आम्ही आधी मूळ फाइलमध्ये घालतो आणि मगच मराठीकडे वळतो.