हॉटेलने पाठवलेला डॉक्टर

परदेशात सुट्टीवर असताना कुणाचं पोट बिघडलं आणि रिसेप्शनवरचा माणूस "काळजी नको, आमचे डॉक्टर लगेच येतील" म्हणाला, तर आधी प्रवास विम्याच्या पॉलिसीवरचा चोवीस तासांचा मदत क्रमांक फिरवा. आमच्याशी काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण शेजारी आपलं माणूस कण्हत असताना, गरज नसताना भरती करून बिल फुगवण्याचा हा डाव ओळखू येत नाही.

बाबांना रात्रीपासून जुलाब होत होते, उलट्याही झाल्या. ताप नव्हता, शौचातून रक्त नव्हतं, घोट घोट पाणी पोटात टिकत होतं. डॉक्टर आले आणि नाडीला हात लावायच्या आधीच त्यांनी बॅगेतून सलाइनची बाटली काढून पडद्याच्या दांडीला अडकवली. त्यात एक इंजेक्शन सोडलं, तशी बाटली पिवळीधमक झाली. जालीम औषध असणार असं आम्हाला वाटलं. ते मल्टिव्हिटॅमिन होतं, हे बिलावरून कळलं. पोट दाबून पाहिलं नाही, बीपी घेतलं नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत हेही विचारलं नाही. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असलेल्या माणसाला न विचारता सलाइन चढवणं किती धोक्याचं, हे काय डॉक्टरला माहीत नसतं?

मग ते वाक्य आलं: "अ‍ॅडमिट केलं नाही तर किडनीवर येईल." यापुढे कोण वाद घालणार? खाली गाडी आधीच उभी होती.

क्लिनिकच्या काउंटरवर बाबांचा पासपोर्ट ठेवून घेतला. विमा कंपनीला फोन लावते म्हटलं, तर उत्तर आलं, "आमचं त्यांच्याशी थेट असतं, तुम्ही त्रास घेऊ नका." निघताना मात्र पूर्ण रक्कम कार्डावरून वळती झाल्यावरच पासपोर्ट हातात पडला.

क्लेम भरला तेव्हा खरं काय ते उघड झालं. फाइलमध्ये स्टूल कल्चरचा, म्हणजे शौचाच्या तपासणीचा, रिपोर्ट होता, 'पॉझिटिव्ह'. नमुना घेतल्याची वेळ सव्वाअकरा, रिपोर्टची वेळ त्याच दुपारी एक. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. त्याला किमान एक-दोन दिवस लागतात. विमा कंपनीच्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. शिवाय भरती होण्याआधी कळवलेलं नव्हतं आणि भरती करण्याजोगं कारण कागदावर दिसत नव्हतं. क्लेमचा मोठा भाग नामंजूर झाला. हॉटेलला लिहिलं, तर 'डॉक्टर स्वतंत्र आहेत, आमचा संबंध नाही' असं दोन ओळींचं उत्तर आलं. रिसेप्शनला कमिशन मिळतं का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण गाडी आधीच कशी आली, हे कुणी मला समजावून सांगावं.

प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत आपोआप थांबतात. खरं औषध म्हणजे ओआरएस. पाकिटं बॅगेत असावीतच. नसतील तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, पाणीही टिकत नसेल, लघवी अगदी कमी झाली असेल, गुंगी येत असेल, तर मात्र थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत तर आणखी लवकर. आणि रक्त किंवा ताप असताना जुलाब बांधून ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

डॉक्टर शोधायचा तर मदत क्रमांकावरून, नाहीतर आपल्या दूतावासाच्या यादीतून. प्रवाशांसाठी डॉक्टरांची यादी ठेवणारी आयएएमएटी ही संस्था 1960 पासून काम करते, तीही निघण्याआधीच बघून ठेवा. काउंटरवर पासपोर्टची झेरॉक्स द्या. मूळ पासपोर्ट अडवून धरला तर तिथूनच दूतावासाला फोन लावा. सलाइन लावायच्या आधी 'तोंडाने पाणी का चालणार नाही?' एवढं विचारा. बिल बाबवार मागा, रिपोर्टवरच्या वेळा तिथेच वाचा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. आमच्या कागदांवर तो कुठेच नव्हता, त्यामुळे तिथल्या वैद्यकीय परिषदेकडे केलेली तक्रार अजून 'डॉक्टरांची ओळख पटवा' या पहिल्याच रकान्यात अडकली आहे.