डिश कौलांवर की खळ्यातल्या खांबावर?

रत्नागिरीच्या आसपास डीडी फ्री डिशची ताटली आग्नेयेकडे वळवायची, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे. क्षितिजापासून कोन साधारण ५९ अंश.

कौलांवर मोकळं आकाश आयतं मिळतं. पण वाशाला ठोकलेला स्टँड पावसाळी वाऱ्यात हलतो, आजूबाजूची कौलं सरकतात आणि गळती लागते. शिवाय वानरं! भर आषाढात सिग्नल गेला, तर शेवाळलेल्या छपरावर चढायचं कुणी?

खळ्यात जांभ्याचा छोटा चौथरा बांधून त्यात लोखंडी पाइप सिमेंटने रोवायचा. ओळंब्यात उभा हवा, नाहीतर दिशा जुळवताना दमछाक होते. अडचण माडांची. ताटलीपेक्षा १२ मीटर उंच माड आग्नेयेला असेल, तर निदान ७ मीटर अंतर हवं. झावळ्यांसाठी आणखी २-३ मीटर धरा. केबल लांबते, ती आरजी-६ जातीची (डिशसाठीची कोॲक्सियल) घ्या. एलएनबीच्या (ताटलीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) जोडावर रबरी टोपी घालाच, खारी हवा जोड खाऊन टाकते.

मुसळधार पावसात चित्र दोन्हीकडे जाणार, केयू बँडचं, म्हणजे या डिशच्या उपग्रह लहरींचं, तसंच असतं. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची ताटली घेतली तर कमी वेळा जाईल.

माझं मत खांबालाच. आईसुद्धा जमिनीवर उभी राहून नट आवळू शकते.