अराकू की चिकमगळूर?

आमच्या नौपाड्यातल्या घरात सकाळी फिल्टर कॉफीच लागते, म्हणून यातली कुठली कॉफी घ्यावी हा प्रश्न मी मनावर घेतलाय. दोन्ही अरेबिका या जातीच्या, दोन्हींना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं.

अराकू आंध्रातल्या पूर्व घाटातली. पिकवणारे बहुतेक आदिवासी शेतकरी, तुकडा लहान, पण स्वतः कसलेला. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. कॉफीचा भाव पडला की मिरी हात देते.

चिकमगळूर कर्नाटकातलं, पण आपल्याच सह्याद्रीतलं. जुन्या मळ्यांत फणस, उंबर अशी मिश्र सावली राखली असेल, तर पक्षी आणि ओढेही टिकतात. हे मला फार मोलाचं वाटतं. पण मोठ्या मळ्यात राबणारा मजूर वेगळा, मालक वेगळा. काही ठिकाणी देशी झाडं जाऊन नुसता सिल्व्हर ओक उरलाय.

माझा कौल अराकूला. मात्र मळ्याचं नाव आणि सावलीची माहिती छापलेलं चिकमगळूरचं पाकीट मिळालं, तर तेही आनंदाने घ्या. घेण्याआधी पाकीट उलटून चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, किती आहे ते बघा. नियमाने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे पाकिटातला जवळजवळ निम्मा माल कॉफीवाल्या शेतकऱ्याच्या पिकाचा नसूही शकतो.