जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन घरी बांधताय? क्रँक, लायनर आणि पंपाच्या कामात फसवणूक कशी होते ते आधी वाचा

जुना ट्रॅक्टर घरी उभा करून पुन्हा चालता करायचा तर बरंचसं काम आपल्या हातानं होतं. टाकी-बॉनेट उतरवणं, इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवणं, गंज काढणं, वायरिंग, रेडिएटरची सफाई, रंग, सगळं जमतं. पण चार कामं बाहेर द्यावीच लागतात: क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ग्राइंडिंग, लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) बसवून बोअर-होनिंग (नळी आतून मापाला आणून बारीक घासणं), हेडचं (इंजिनावरच्या व्हॉल्व्हच्या झाकणाचं) काम आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं). फसवणूक होते ती याच चार कामांत. इंजिन एकदा बांधलं की आतलं काही दिसत नाही, आणि बिघाड वर यायला बरेच तास जातात. तोवर वर्कशॉपवाला सांगून मोकळा होतो की तुम्हीच ऑइलकडे बघितलं नसेल.

आमच्या जुन्या मॅसी १०३५ च्या इंजिनाबाबत कोल्हापुरातल्या एका वर्कशॉपनं हेच केलं. बिलावर लिहिलं होतं: क्रँक वीस साइज ग्राइंड, मेन आणि बिग एंडची बेअरिंग नवी, तीन लायनर नवे, पिस्टन-रिंगा नव्या, पंप कॅलिब्रेट, नोझल नवी. ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढायला लागला आणि इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसू लागला. मग खालून जड ठोका यायला लागला. सम्प (खालचं तेलाचं भांडं) काढून दोन नंबरची बिग एंड कॅप (कनेक्टिंग रॉड क्रँकच्या पिनवर धरणारं झाकण) उतरवली. बेअरिंगचा शेल (अर्धगोल पत्र्यासारखा भाग) बोटानं सरकवून काढला, तर त्याच्या पाठीला सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची दुहेरी घडी चिकटलेली होती, तेलानं काळी पडलेली. शेलच्या पाठीवर छाप होता ०.२५. बिलातल्या वीस साइजला तो ०.५० किंवा ०२० असायला हवा होता.

ही चांदी कशासाठी घालतात ते समजून घ्या. क्रँकची पिन झिजली की तिच्यात आणि बेअरिंगमध्ये फट वाढते. खरा उपाय म्हणजे पिन पुढच्या साइजला ग्राइंड करायची आणि त्या मापाचे शेल घालायचे. दहा साइज म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दहा भाग कमी, ०.२५ मिमी. वीस म्हणजे ०.५०, तीस ०.७५ आणि चाळीस १.०० मिमी. हे काम टाळायचं असेल तर क्रँक लेथवर फिरवून एमरी पट्टीनं चकाकी आणतात, जुन्याच साइजचे शेल घालतात आणि मागे चांदी किंवा पितळी पत्रा भरून फट दाबून टाकतात. इंजिन हातानं फिरवलं तर छान घट्ट लागतं. थंड असताना प्रेशरही भरपूर दाखवतं. पण शेलची पाठ कनेक्टिंग रॉडच्या पोलादाला थेट चिकटून असली तरच त्याची उष्णता बाहेर जाते. मध्ये चांदी आली की उष्णता अडते, चांदी दबत जाते, शेल जागेवर हलायला लागतो आणि शेवटी पिनबरोबर गोल फिरतो. मेन बेअरिंगमागे पत्रा घातला आणि तो ऑइलच्या भोकावर आला, तर त्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाला) तेलच मिळत नाही.

दुसरी लबाडी म्हणजे कॅप घासणं. कॅपच्या दोन्ही बैठका कानशीनं थोड्या उतरवल्या की शेल वरून-खालून आवळला जातो. भोक गोल न राहता अंडाकृती होतं आणि तो रॉड कायमचा बिघडतो. घासलेली बैठक ओळखायला सोपी असते. मूळ मशिनिंगच्या बारीक समांतर रेषा नाहीशा होऊन तिथे कानशीचे तिरके ओरखडे दिसतात.

अनेकजण प्लास्टिगेजवर विसंबतात. ती मेणासारखी बारीक दोरी पिनवर ठेवून कॅप टॉर्कनं आवळायची आणि चपटी झालेली रुंदी पट्टीवर मोजायची. साधन चांगलं आहे, पण ही फसवणूक त्यानं पकडली जात नाही. मागे चांदी असली तरी समोरची फट बरोबरच येते. घासलेल्या कॅपचंही तसंच, कारण दोरी फक्त उभ्या दिशेची फट सांगते. म्हणून प्रत्येक शेल हातात घेऊन त्याची पाठ बघायची. पाठ कोरडी, स्वच्छ आणि मोकळी हवी, आणि छाप वाचता आला पाहिजे. छाप ग्राइंडरनं उडवलेला दिसला तर तो शेल घ्यायचाच नाही.

५० ते ७५ मिमीचा एक आउटसाइड मायक्रोमीटर घरी हवाच. इतकं सगळं हातानं करणाऱ्याकडे तो नसणं परवडणारं नाही. प्रत्येक पिन दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उभी-आडवी अशी दोनदा मोजा. मूळ पिन ५७.११ मिमीची धरली तर दहाला ती ५६.८६, वीसला ५६.६० आणि तीसला ५६.३५ येते. आमच्या दोन नंबरच्या पिनचं माप आलं उभ्यात ५६.७४ आणि आडव्यात ५६.८१. ही पिन कधीकाळी दहा साइजला ग्राइंड झाली आणि पुढे झिजून अंडाकृती झाली, हे या दोन आकड्यांवरूनच कळतं. नुकत्याच ग्राइंड केलेल्या पिनेत उभ्या-आडव्याचा फरक एक-दोन शतांश मिमीच्या पुढे जात नाही. पिन आणि वेब (पिनेला धरणारा क्रँकचा जाड हात) जिथे मिळतात त्या कोपऱ्याची गोलाई सुद्धा बघा. ग्राइंडिंग व्हीलनं तो कोपरा धारदार ठेवला असेल, तर क्रँक पुढे तिथूनच तुटतो.

क्रँक परत आल्यावर त्यातल्या ऑइलच्या वाटा स्वतः धुवा. जिथे प्लग असतील ते काढा, लांब तारेचा ब्रश घाला, डिझेलनं धुवा, हवा मारा. ग्राइंडिंगची भुकटी आत राहिली तर नवी बेअरिंग काही तासांत चरे पडून जातात, मग क्रँकचं काम कितीही प्रामाणिकपणे झालेलं असो.

“तुमच्या क्रँकला चीर आहे, दुसरा घालावा लागेल” असं सांगितलं जातं तेव्हा चीर दाखवायला सांगा. डाय पेनिट्रंटचा लाल फवारा आणि त्यावर पांढरा डेव्हलपर मारला की खरी चीर लाल रेघ होऊन उमटते. बदली म्हणून आणलेल्या जुन्या क्रँककडे आपल्या भागात विशेष बारकाईनं बघावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले पट्ट्यातली यंत्रं पाण्याखाली गेली होती. पाण्यात बसून राहिलेल्या क्रँकच्या जर्नलवर, बेअरिंगच्या कडेच्या रेषेत, गंजाचे बारीक खड्डे पडतात. पॉलिशनं ते जात नाहीत, आणि ऑइलच्या वाटांत वाळलेला गाळ सापडतो.

आता लायनर. नवा लायनर बसवायचा म्हणजे जुना दाबून काढायचा, ब्लॉकची बैठक साफ करायची, नवा दाबायचा, लागेल तिथे बोअर करून होन करायचा. हे सगळं वाचवायचं तर जुन्याच लायनरला होन मारून आडवे-तिरपे चरे उठवतात आणि वरची धार रिमरनं उतरवतात. दिसायला लायनर अगदी नवा. डोळ्यांनी ओळखू येत नाही, नखाला धारही लागत नाही.

पण झीज लपत नाही. पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो तिथे, म्हणजे वरच्या रिंगेच्या पट्ट्यात, लायनर सगळ्यात जास्त झिजतो आणि तळाशी जवळजवळ मूळ मापाचा राहतो. बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) असेल तर वर, मध्ये आणि खाली मोजा. नसेल तर एक नवी रिंग आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पानांचा संच) पुरतं. रिंग लायनरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट मोजा. मग तीच रिंग तळाशी नेऊन पुन्हा मोजा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ नं भागलं की वरचा व्यास खालच्यापेक्षा किती वाढलाय ते मिळतं. आमच्याकडे वर १.१ मिमी आणि खाली ०.४ मिमी आली. फरक ०.७, म्हणजे व्यासात सुमारे ०.२२ मिमीची झीज. नव्या लायनरला वर-खाली फट जवळपास सारखीच येते. सुमारे ९१ मिमीच्या बोअरला ती ०.३० ते ०.४५ मिमीच्या आसपास असावी, अचूक मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली घ्या.

पिस्टन नवे म्हणून जुनेच कॉस्टिकमध्ये उकळून देतात. नवी रिंग खाचेत बसवून बाजूच्या फटीत फीलर घाला. वरच्या खाचेत ०.१५ मिमीचं पान सहज जात असेल तर ती खाच झिजलेली आहे. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) भोकाजवळ आणि स्कर्टवर उभे ओरखडेही दिसतील. अॅल्युमिनिअम कितीही उजळलं तरी ते ओरखडे राहतात.

हेडबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्ह बसवलेलं हेड पोर्टची (हवा-धुराच्या वाटांची) तोंडं वर येतील असं कुशीवर ठेवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता. पाच-दहा मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं तर सीटचं काम झालेलं नाही. हेडवर स्टीलची सरळ पट्टी तिरकी आणि आडवी ठेवून खाली फीलरही घालून बघा.

पंपाची फसवणूक सगळ्यात महाग पडते, कारण तिथे चांगला भाग काढून घेतला जातो. रोटरी पंपात हेड आणि रोटर ही जोडी किमती, इनलाइन पंपात प्लंजर-बॅरल. तुमच्या पंपातली चांगली जोडी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंपात जाते आणि त्याची झिजलेली तुमच्यात येते. वर डिझेल जरा वाढवून ठेवतात, म्हणजे काळा धूर मारत ट्रॅक्टर ताकदवान वाटतो. झिजलेल्या रोटरी पंपाची खूण ठरलेली आहे: थंड इंजिन एका स्टार्टरला लागतं, गरम झाल्यावर बंद केलं की लागता लागत नाही. गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटतं. पंपावर ओलं फडकं टाकून तो थंड केला आणि इंजिन लगेच लागलं, तर दोष हेड-रोटरचाच. कॅलिब्रेशन केलं असेल तर टेस्ट बेंचची चिठ्ठी मागा. ठरावीक आरपीएमला प्रत्येक लाइनमधून किती सीसी डिझेल आलं, हे तिच्यावर असलं पाहिजे. चिठ्ठी नाही म्हणजे बेंचला पंप लागलाच नाही असं धरा. नोझलच्या अंगावरचा नंबर जुन्या नोझलशी जुळवा. दिसायला सारखी असली तरी फवाऱ्याचा कोन वेगळा असला की पिस्टन जळतो.

काम देण्याआधी क्रँकच्या वेबवर, पंपाच्या हेडवर आणि प्रत्येक रॉड-कॅपच्या कडेला डॉट पंचनं आपली खूण करा. जर्नलवर, सीलच्या जागेवर किंवा बैठकीवर कधीच नाही. पंपाच्या आतल्या भागाला खूण करता येत नाही, म्हणून पंप तुमच्यासमोर खोलावा आणि तुमच्यासमोर बांधावा, एवढी एक अट घाला. कोल्हापुरात उद्यमनगरपासून एमआयडीसीपर्यंत नीट काम करणारे कारागीर भरपूर आहेत, त्यांना या अटीचा राग येत नाही. मापांचा कागद दोन प्रतींत करा: काम देतानाचं माप, ठरलेली साइज, आणि माल परत घेताना मोजलेलं माप, खाली दोघांच्या सह्या. जुने लायनर, पिस्टन, शेल आणि नोझल परत हवेत हे आधीच लिहून घ्या. “इंजिन काम, एकरकमी” असं बिल घेऊ नका. भागाचं नाव, कंपनी, पार्ट नंबर, साइज आणि जीएसटी क्रमांक बिलावर हवा. तो क्रमांक खरा आहे की नाही हे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लगेच दिसतं. निदान निम्मी मजुरी मोजणी होईपर्यंत राखून ठेवा.

इंजिन वर्कशॉपमध्येच बांधून मिळणार असेल तर सम्पमध्ये कुठलं ऑइल घातलंय ते विचारा. ढिली बेअरिंग लपवायला इंजिन ऑइलमध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल मिसळतात. आपलं २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० घालून, इंजिन अर्धा तास कामाला लावून, मग आयडलला प्रेशर बघा. “महिनाभर धूर येणारच, रिंगा बसायच्या आहेत” हेही मान्य करू नका. मध्यम ओझ्यावर चालवलं तर रिंगा काही तासांतच बसू लागतात. ऑइल भरायचं टोपण काढल्यावर भकाभक धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनरचं जमलेलं नाही. पहिले दहा तास झाले की ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा. तांब्याच्या रंगाचे चकचकीत कण दिसले की इंजिन तिथेच बंद.

आणि मग ते एकट्यानं खोलू नका. वर्कशॉपला आधी लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी तारीख-वेळ राहते. खोलताना दुसऱ्या वर्कशॉपचा माणूस हजर ठेवा, व्हिडिओ घ्या, मायक्रोमीटरचा आकडा दिसेल असे फोटो काढा. चांदी, शेल, रिंगा न पुसता पिशवीत बंद करून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पण कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ट्रॅक्टर भाड्यानं उसाला चालत असेल तर समोरचा वकील व्यापारी वापराचा मुद्दा काढतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर व्यापारी धरलेला नाही, म्हणून ट्रॅक्टर घरचेच चालवतात आणि त्यावरच घर चालतं, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि सातबारा, आरसी बुक आणि मापांचा तो सह्या केलेला कागद सोबत जोडा.